उमाजीच्या पेटीतला स्पंज

मार्चमधली गोष्ट. बनशंकरीहून चामराजपेटला ऑटोनं निघाले होते. एका जुन्या चर्चच्या फाटकापाशी ऑटो अडकली आणि मान वर केली तर समोर उमाजी. दोन मजले उंच. कपाळावरच्या आठ्या पुसलेल्या, दात पांढरे केलेले, आणि दोन्ही हात पेटीवर असे पसरलेले, जणू पेटी विकायलाच काढली आहे. खाली कानडीत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘मंडळी आणि मातीतले वादक, एका सुरात’.

“स्वल्प थांब रे,” मी ड्रायव्हरला म्हटलं.

“यारु अक्का हे? एलेक्शनला उभे आहेत?”

“पेट्या दुरुस्त करतो.”

“पेट्या दुरुस्त करणाऱ्याचा एवढा मोठा फोटो? मग ऑटो दुरुस्त करणाऱ्याचा कुठं लावलाय?”

मला हसू आलं. या प्रकरणातलं माझं हसू तिथंच संपलं. पुढं आली ती शिसारी, आणि ती अजून गेलेली नाही. चर्चचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या कित्येकांच्या हातचं जेवले आहे, आणि ती माणसं या सगळ्यात माझ्याइतकीच मूर्ख ठरली.

उमाजी जगताप हा आमच्याकडच्या जुन्या मराठी घरांतला. त्याच्या पूर्वजांना इथं येऊन साडेतीनशे-चारशे वर्षं झाली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. चामराजपेटच्या एका गल्लीत त्याचं पेट्या दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान इतकं अरुंद की नवं गिऱ्हाईक आत आलं की जुन्यानं बाहेर पडावं लागतं. भिंतीवर भाते टांगलेले, पत्र्याच्या डब्यांत पितळी सूर, म्हणजे पेटीच्या पोटात वाजणाऱ्या पट्ट्या, आणि मध्ये बसलेला उमाजी एकेक सूर कानाशी नेऊन नखानं वाजवून बघणार. भाजीवाली कैरी कानाशी नेत नाही, पण तिच्या चेहऱ्यावर जे असतं तेच त्याच्या चेहऱ्यावर.

दुकानाच्या आधी सात वर्षं तो आमच्या नाटक कंपनीत पेटीवर होता. कंपनी म्हणजे दोन ट्रक, एक ठिगळ लावलेला पडदा आणि सोळा माणसं. बेळगाव, धारवाड, गदग. एका गावात मराठी खेळ, पुढच्या गावात कानडी. गदगला तिसऱ्या अंकात माझा गळा बसला. काळी चारमधलं पद, पुढच्या ओळीला आवाज वर न्यायचा, आणि घशात नुसती हवा. रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसलेल्या उमाजीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन ओळींच्या मधल्या जागेत त्यानं बोटं अशी काही फिरवली की पुढची ओळ पांढरी चारवर आली. पायऱ्या न दाखवता मला अलगद खाली उतरवलं त्यानं. प्रेक्षकांना वाटलं, चालच तशी आहे. वन्समोअर आला. आत गेल्यावर मी त्याचे हात धरले तर म्हणतो कसा, “अक्का, तुमचा श्वास आखूड ऐकू आला. म्हणून स्वल्प खाली बसलो. चहा सांगू?”

कंपनी मोडली. मी घरी बसले, उमाजी दुकानात. आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या चर्चच्या पायपेटीला वाळवी लागली.

दुरुस्तीला म्हणून गेला. पायपेटी म्हणजे पायानं भाता हाणायची, खुर्चीवर बसून वाजवायची, आमच्या नाटकातली जुनी मैत्रीण. आठवडाभर तिथंच बसून त्यानं ती उभी केली. शनिवारी सूर तपासत होता, तेव्हा सुगुणम्मा नावाच्या एक बाई वेदीवर फुलं मांडत होत्या. मांडता मांडता गुणगुणत होत्या. उमाजीनं त्यांचा सूर शोधला आणि हळूच खाली पेटी धरली. बाई थांबल्या नाहीत. गाणं संपवलं, फुलांचं पाणी पदराला पुसलं आणि म्हणाल्या, “उद्या नऊला या. आमचा वाजवणारा मुलाकडे परदेशी गेला.” तुम्ही कोण, कुठल्या देवाचे, असं काही विचारलं नाही. उमाजीच्या देव्हाऱ्यात खंडोबा आहे, तो तिथंच राहिला. दर रविवारी नऊला उमाजी चर्चमध्ये.

तिथं त्यानं एक रीत पाडली. बाकी ठिकाणी पेटी आधी वाजते आणि लोक तिच्यामागून गातात. उमाजी आधी वाजवायचाच नाही. पायपेटी बायकांच्या पुढच्या बाकाला लागून ठेवलेली. तो हात उचलून थांबायचा. सुगुणम्मा पहिला शब्द उचलायच्या, त्यांच्या त्या दिवसाच्या गळ्याला जिथं जमेल तिथं, आणि मग उमाजी तिथं जाऊन बसायचा. थंडीत अर्धा सूर खाली, सणाला जरा वर. त्यांचे यजमान गेले त्या आठवड्यात बाईंनी इतकं खालून उचललं की पुरुषांच्या बाकावरच्यांना गाता येईना, पण पेटी तिथंच जाऊन बसली. मी एकदा विचारलं, “अरे, पण रोज वेगळी पट्टी? मंडळी गोंधळत नाहीत?” तर म्हणाला, “गोंधळतात की. पण कुणी गप्प बसत नाही.”

ईस्टरचं एक गाणं तर त्याचं स्वतःचं. शब्द सुगुणम्मांच्या यजमानांचे. ते कानडी शाळेत मास्तर होते. पहाटे येशूच्या थडग्याकडे गेलेल्या बायकांचं ते गाणं, म्हणून पहिलं कडवं फक्त बायकांनी म्हणायचं असा नेम. चाल उमाजीची. वीस वर्षं दर ईस्टरला ते म्हटलं जात होतं.

यंदा चर्चच्या समितीला ‘भागीदारी’ सुचली. प्रार्थना आता इंटरनेटवरून अमेरिकेपर्यंत दाखवायची होती, आणि तिथल्या नातेवाइकांना चर्च कसं दिसलं पाहिजे याची समितीला काळजी पडली. हेब्बाळमधली, असं चित्रण करून देणारी एक कंपनी ठरली. कंपनीनं सांगितलं, शेजारपाजारचे वादक घ्या, माती दिसू द्या. तबला, बासरी, मृदंग अशी चार माणसं नवीन आली आणि पाचवा आमचा उमाजी, जो तिथं आधीपासूनच होता. त्यालाही ‘सहभागी’ करून घेतलं. अठ्ठावीस वर्षं ज्या घरात जेवतोय त्या घरानं लग्नपत्रिका पाठवावी तसं.

पण तो हुरळला. खोटं कशाला सांगू, मीही हुरळले असते. ईस्टरच्या आदल्या शनिवारी दुपारी तालीम होती. “अक्का, आमचं गाणं घेतलंय यादीत. सगळं जग बघणार. तुम्ही यायलाच पाहिजे,” म्हणाला. नवा पांढरा सदरा शिवला होता. गेले.

पायपेटी बायकांच्या बाकापासून उचलून स्टेजवर नेली होती. उमाजीच्या कानात इअरफोनची बोंडं घातली होती, आणि पेटीवर वाकलेला एक चकचकीत माइक. माइक धरलेल्या तरुण पोरींच्या एका नव्या गाण्याची तालीम सुरू झाली. मी मुद्दाम त्याच्याजवळ, तीन हातांवर उभी राहिले. पेटीचा सूर आला तो छताला टांगलेल्या स्पीकरच्या खोक्यातून. मधल्या ओळीला उमाजीच्या बोटांनी एक मुरकी घेतली. मी डोळ्यांनी पाहिली. ऐकू आली नाही. खोक्यातून सरळसोट स्वर गेला, शाळेच्या रांगेतल्या पोरासारखा.

मी मागून गेले. पेटीच्या मागचं कापड सुटलं होतं आणि त्यातून पिवळा स्पंज डोकावत होता, नवे टीव्ही येतात ना त्यांच्या खोक्यात असतो तसला. बोटानं दाबून पाहिला. आत खच्चून भरला होता, सुरांच्या फळीवर. आणि त्या चकचकीत माइकची वायर गालिच्याखाली जात होती. गालिचा उचलला. वीतभर पुढं वायर संपली होती. तिचं टोक सेलोटेपनं नीट गुंडाळून ठेवलं होतं, कुणाला टोचू नये म्हणून.

कंपनीचा माणूस तिथंच होता. यशोवर्धन. पुण्याचा, तिशीचा, बोलायला गोड.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“ओ, मराठी! ग्रेट, मॅम. काही नाही हो, सेफ्टी आहे. जुनं इन्स्ट्रुमेंट आहे, पिच हलतं. लाइव्हमध्ये रिस्क नको म्हणून आधीच रेकॉर्ड करून ट्रॅक केलाय. हार्मोनियमचा अगदी प्रीमियम सॅम्पल आहे.”

“मग हा इथं कशाला बसलाय?”

“मॅम, त्यांच्याशिवाय कसं होईल? आजोबांचा फेस बघा ना. आपण त्यांचा साउंड नाही घेतला, लुक घेतलाय.”

मी रंगभूमीवरची बाई. खोट्याची मला सवय आहे. लाकडी तलवारी, लाखेचे मोती, कापसाच्या दाढ्या. थर्माकोलचा डोंगर उचलून धापासुद्धा टाकल्या आहेत आम्ही. पण समोर बसलेल्याला ठाऊक असायचं की तो डोंगर थर्माकोलचा आहे, आणि गाणारीचा गळा तिचाच आहे. हा मनुष्य देवाच्या घरात एका जिवंत माणसाच्या तोंडात बोळा कोंबून त्याचा फोटो काढत होता, वर मला मॅम म्हणत होता. देवळांनाही मी सोडत नाही. आमच्या घराजवळच्या देवळात आरतीला विजेवर चालणारा नगारा वाजतो. त्याच्यासमोर हात जोडताना दर वेळी ओशाळते. पण निदान त्या यंत्राशेजारी कुणी नगारची बसवून त्याला हात हलवायला लावलेलं नाही.

“त्याला माहीत आहे का?” मी विचारलं.

यशोवर्धननं खांदे उडवले. “एन्जॉय करतायत ना ते. ॲग्रीमेंटवर सही आहे त्यांची.”

उमाजीला मी बाहेर, नळापाशी गाठलं. कसं सांगावं, वाक्य जुळवत होते.

“उमाजी, तुझ्या पेटीत...”

“स्पंज आहे,” तो म्हणाला. हात धूत राहिला. “पहिल्याच रविवारी कळलं, अक्का. पाय जड लागले. भाता मारतोय आणि वारा जातच नाही. पेटीवाला आहे मी. मला कळणार नाही?”

“किती रविवार झाले?”

“चार. ती सगळी पोरींचीच नवी गाणी, सुगुणम्मांना त्यात उचलायचं नव्हतं.”

“आणि तू चार रविवार तोंडावर हसू ठेवून बोटं नाचवलीस? लाज नाही वाटली?”

“वाटली की.”

“मग?”

“भांडलो असतो तर त्यांनी आमचं गाणं यादीतून काढलं असतं. सुगुणम्मा चौऱ्यांशीच्या आहेत. पुढच्या ईस्टरला कोण आहे कोण नाही.” त्यानं हात सदऱ्याला पुसले. “उद्या सकाळी लवकर येऊन स्पंज काढतो. चार स्क्रू आहेत. त्या उचलतील, मी वाजवतो. ट्रॅक-बीक काय वाजायचं ते वाजू दे. पुढच्या बाकावर तरी मी ऐकू येईन.”

मला त्याचाही राग आला, हे लिहायलाच हवं. गदगला ज्यानं माझी लाज राखली, तो माणूस महिनाभर स्वतःची लाज त्या फळीवर ठेवून बसला होता. मी चहा न घेता घरी गेले.

ईस्टरला सकाळी नऊला चर्च भरलेलं. पुढं मोठा पडदा, कॅमेऱ्यात दिसेल ते त्यावर दिसणार. मी बायकांच्या बाजूला, सुगुणम्मांच्या मागच्या बाकावर. छोट्या चणीच्या बाई, पांढरं पातळ, गुडघ्यांवर वही. वही कशाला, शब्द नवऱ्याचे, पण वही असायचीच. उमाजीनं वरून मला डोळ्यांनीच खूण केली. स्पंज निघाला होता. कानातली बोंडंही त्यानं काढून खिशात टाकली होती.

गाण्याचं नाव पुकारलं. उमाजीनं हात उचलले आणि सुगुणम्मांकडे पाहत थांबला. नेहमीसारखा.

आणि खोक्यातून पेटी सुरू झाली.

बाईंनी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. त्यांना वाटलं उमाजीनंच आधी सुरू केलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी वर पाहिलं. ट्रॅकची पट्टी त्यांच्या आजच्या गळ्याच्या तीन-चार सूर वर होती. तिथं त्या पोहोचणार नव्हत्या. स्टेजवरच्या तरुण पोरींनी माइकवर पहिलं कडवं उचललं. सुगुणम्मांनी तोंड मिटलं. बाकावरच्या बाकीच्या म्हाताऱ्याही गप्प, कारण त्या सुगुणम्मांच्या मागून गायच्या, पेटीच्या नाही.

उमाजी थांबलेलाच. बाईंनी उचललं नाही, मग त्यानं हात टेकवायचे तरी कुठं? तो पेटी आधी वाजवत नाही. ट्रॅकवर आपली पेटी दामटायची हे त्याच्या ध्यानातच आलं नसावं. हात हवेत, बोटं वाकलेली, नजर त्या बाईवर.

आणि नेमकं त्या कडव्याला कंपनीनं त्याच्या बोटांचं चित्र ठरवून ठेवलं होतं. मोठ्या पडद्यावर उमाजीचे दोन हात, पट्ट्यांच्या वर चार बोटं अंतरावर, जागच्या जागी. आणि चर्चभर पेटी घुमतेय. प्रीमियम.

पहिलं कुणीतरी लहान मूल हसलं. मग पुरुषांच्या बाकांवरून खसखस पिकली. मागं यशोवर्धन दोन्ही हातांनी खुणा करत होता. पूर्ण कडवं गेल्यावर एकदाचं पडद्यावर वेदीवरच्या लिलींचं चित्र आलं. पोरींनी गाणं संपवलं. खोकं थांबलं.

त्या शांततेत सुगुणम्मांनी सुरुवात केली. खूप खालून, घशात खरखर घेऊन, पहिल्या कडव्यापासून. उमाजी त्यांच्याखाली जाऊन बसला. किती वर्षांनी मी ती पायपेटी ऐकली. एक सूर जरा बसका, वाळवीच्या वेळचा, त्यानं मुद्दाम तसाच ठेवलेला. दुसऱ्या ओळीला बाकावरच्या सगळ्या बायका आत आल्या. मला कानडी भजनं येत नाहीत, तरी तोंड हलवलं. पाळकसाहेब घड्याळाकडे पाहत होते, पण मध्ये आले नाहीत, एवढं श्रेय त्यांना देते.

आता यापुढचं सांगताना तोंड कडू होतं.

प्रार्थना संपल्यावर समितीचे सेक्रेटरी, अभिराज, स्टेजवर चढले. मला वाटलं माफी मागायला. ते उमाजीला म्हणाले, “काय केलंत हो? सगळं रेकॉर्डिंग खराब. अमेरिकेतून फोन येतायत. नुसते हात हलवायला काय झालं होतं तुम्हाला?”

“अण्णा, त्यांनी उचललं नव्हतं,” उमाजी म्हणाला.

“कुणी?”

उमाजीनं सुगुणम्मांकडे बोट दाखवलं. अभिराजांनी तिकडे पाहिलं आणि त्यांना खरंच काही समजलं नाही. मला घृणा आली ती त्या क्षणी. पैशाचा लोभ मला समजतो, मान मिरवणंही समजतं. मी स्वतः फलकावरचं नाव मोठं करून घ्यायला मॅनेजरशी भांडलेली आहे. पण हा मनुष्य त्याच बाकांत लहानाचा मोठा झाला होता. त्या बाईंनी त्याला रविवारच्या शाळेत गाणी शिकवली होती. आणि गाणं कोण सुरू करतं, हे त्याला माहीत नव्हतं.

चार दिवसांनी माझ्या भाचीनं, सौम्यानं, मोबाइलवर चर्चचा व्हिडिओ दाखवला. गाण्याच्या पहिल्या कडव्याला उमाजीची बोटं होती. हलणारी. मागच्या कुठल्यातरी रविवारची आणून जोडली होती. पोरींचा आवाज, खोक्यातली पेटी. सुगुणम्मांचं गाणं कापलं होतं, पण त्यांचं चित्र ठेवलं होतं. त्या तोंड उघडून गातायत आणि आवाज पोरींचा. खाली लिहिलं होतं, ‘एका सुरात’. हजारांवर लोकांनी हात जोडले होते.

“मावशी, छान आहे ना?” सौम्या म्हणाली. मी मोबाइल पालथा घातला.

उमाजी पुढच्या रविवारी गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी दुकानात गेले, बाहेरच्या बाकड्यावर बसून चहा घेत होते, तेव्हा अभिराज आले. आढेवेढे घेत होते. जागा नव्हती म्हणून पायरीवरच उभे राहिले.

“उमाजीराव, झालं गेलं. दुसरा एक जण मिळालाय, हात हलवतो बरोबर. पण पायपेटी फारच जुनाट दिसते स्क्रीनवर. पॉलिश करून द्याल? बाहेरूनच. आतलं काही करू नका, आतलं लागत नाही.”

उमाजीच्या हातात एक सूर होता. तो त्यानं डब्यात ठेवला.

“बाहेरचं सुतार करतो, अण्णा. चौथं दुकान. सुरज नाव त्याचं. चांगला आहे.”

“तुम्ही नाही करणार?”

“मला बाहेरचं येत नाही.”

अभिराज वळले. उमाजीनं पुन्हा हाक मारली.

“सुगुणम्मा बऱ्या आहेत?”

“आहेत की. येतात दर रविवारी. पुढच्याच बाकावर असतात.”

“गातात?”

अभिराजांनी जरा आठवून पाहिलं. “तेवढं नाही बघितलं,” ते म्हणाले, आणि चौथ्या दुकानाकडे गेले.